उन्हाळ्याच्या फिल्डवरून परत आल्यावर पहिले पंधरा दिवस काय करायचं

एप्रिल-मे फिल्डवर काढून जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परत आलं ना की पहिली इच्छा असते झोपायची, दुसरी घरी जाऊन आईच्या हातचं जेवायची. दोन्ही करा, एक दिवस मनसोक्त झोपा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुढचे पंधरा दिवस मात्र कॉलेज सुरू व्हायच्या आत राखून ठेवा. एमएच्या दुसऱ्या वर्षाला किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्या आर्किऑलॉजीच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, कारण मी स्वतः चार उन्हाळे असे काढलेत आणि दरवेळी हेच दिसलं की डिझर्टेशन फिल्डवर बिघडत नाही, ते परत आल्यानंतरच्या या दोन आठवड्यांत बिघडतं. फिल्डवर आपण सगळे मरमर काम करतो, मग परत येतो, पिशव्या कोपऱ्यात टाकतो, लेक्चर सुरू होतात, सबमिशन येतात, आणि दिवाळीला पिशवी उघडतो तेव्हा आपल्यालाच आठवत नाही की हे खापर टेकडीच्या वरच्या अंगाचं की नदीकडच्या घळीतलं.

आपल्याकडे खरा खोदकामाचा सीझन हिवाळ्यातला, पण एक्सप्लोरेशनसाठी, म्हणजे साईट्स शोधत पायी फिरायला, उन्हाळा चांगला. रब्बीचं पीक निघालेलं असतं, रानं मोकळी असतात, जमिनीवर पडलेलं खापर लांबून दिसतं. भीमेच्या खोऱ्यात तर उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ जसं उघडं पडतं तशा काठावरच्या जुन्या वस्त्यांच्या जागाही काही आठवडे पायाखाली येतात आणि पाऊस झाला की परत पाण्याखाली. म्हणजे मे महिन्यात तुम्ही जे नोंदवून आणलं त्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुमच्या वहीशिवाय दुसरा पुरावाच नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पिशव्या त्याच दिवशी उघडा

थकलेले असाल तरी. जून म्हणजे हवेत ओल. खापरं बांधावरून उचलून, माती झटकून, झिपलॉकमध्ये भरून आणलेली असतात, त्या मातीत थोडा ओलावा असतोच, बंद प्लास्टिकमध्ये आठ दिवसांत आतून घाम धरतो आणि मग लेबलवर बुरशी. माझ्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. आम्ही लेबलं जेल पेनने लिहिली होती, पिशव्या जिन्याखाली ठेवल्या होत्या, पावसाची झड आत आली, आणि जुलैत उघडल्या तेव्हा चौदा पिशव्यांतल्या लेबलांवर नुसता निळा डाग होता. चौदा पिशव्या म्हणजे चार दिवसांचं चालणं. त्या खापरांचं काहीच करता आलं नाही, कुठली ते माहीत नाही तर त्यांच्यावर काय लिहिणार. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. प्रत्येक पिशवीत दोन लेबलं, एक आत छोट्या वेगळ्या झिपलॉकमध्ये, एक बाहेर बांधलेलं, दोन्ही पेन्सिलने लिहिलेली. पेन्सिल पाण्याने जात नाही, जेल पेन जातं, साधं मार्करही उन्हाने उडतं. स्टेपल मारू नका, पिन गंजते आणि नेमका नंबरच गंजाखाली जातो. परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी पिशव्यांची यादी करा, फिल्डवरच्या रजिस्टरशी ताडून बघा, जी कमी असेल तिची चौकशी लगेच करा कारण अजून बरोबरचे लोक फोन उचलतात, सगळ्यांना आठवतंय, जीपच्या डिकीत राहिली असेल तर सापडते.

मग माल वेगळा करा. सगळं एकत्र धुवायला घ्यायची घाई करू नका, कारण काही गोष्टी धुवायच्याच नसतात. लोखंडाचे तुकडे, खिळे, फाळ वगैरे पाण्यात घालायचे नाहीत, कोरडे करून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचे. हाडं उन्हात टाकायची नाहीत, तडकतात, सावलीत हळूहळू वाळू द्यायची. कोळसा असेल (कडा कोसळलेल्या घळीतल्या सेक्शनमधून, म्हणजे मातीचे थर दिसतात अशा उभ्या कापातून वगैरे, गाईडच्या परवानगीने घेतलेला) तर हाताने चिवडू नका, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये आहे तसाच ठेवा, सी-१४ ला, म्हणजे वय काढायला, एएमएसने (कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या मशीनने) द्यायचा असेल तर लागतो अगदी थोडा पण तो स्वच्छ लागतो, त्यात आजचं मूळ किंवा तुमच्या बिडीवाल्या ड्रायव्हरची राख नको. आणि एखाद्या भांड्यात काय शिजलं होतं ते पुढेमागे तपासायचा विचार असेल, म्हणजे मातीत मुरलेले तेला-तुपाचे अंश, तर त्या दोन-चार खापरांना पाणी, ब्रश, प्लास्टिक काहीच लावायचं नाही. फॉइल आणि वर लेबल, बस.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतेय. हा माल तुमचा नाही. घरी न्यायचा नाही, शोकेसमध्ये ठेवायचा नाही, मावशीला एक मणी द्यायचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते, पण कायदा बाजूला ठेवला तरी एक मणी निघून गेला की त्या साईटचा हिशोब चुकतो. डिपार्टमेंटच्या स्टोअरमध्ये नोंद करून ठेवा आणि काय ठेवलं त्याची सही घ्या.

डायरी: विसरायच्या आत

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्ड डायरीत आपण काय लिहितो ते बघा जरा. "सकाळी ७ ला निघालो. ओढ्यापलीकडे पांढर. खापर भरपूर. दुपारी ऊन." लिहिताना वाटतं पुरेसं आहे कारण बाकीचं डोळ्यासमोर असतं. ते डोळ्यासमोरचं पंधरा दिवस टिकतं, फार तर तीन आठवडे, मग तीन ओढे एकमेकांत मिसळतात.

म्हणून रोज दोन तास, जास्त नाही, एका वेळी डायरीतला एकच दिवस घ्यायचा. त्या दिवसाचे फोटो वेळेप्रमाणे लावून लॅपटॉपवर उघडायचे, जीपीएसचा ट्रॅक शेजारी, आणि त्या दिवसाची मोठी नोंद लिहायची. टेकडी केवढी, अंदाजे उंची, कुठल्या बाजूने नांगरली गेलीय, वर काय पीक होतं, माती कशी, खापर कुठे दाट कुठे विरळ, कोणी दाखवली, लोक तिला काय म्हणतात. मूळ डायरीत खाडाखोड अजिबात नाही. जे नंतर आठवलं ते वेगळ्या रंगाच्या पेनने आणि खाली तारीख टाकून. हे का, तर दोन वर्षांनी तुम्हालाच कळायला पाहिजे की हे जागेवर पाहून लिहिलंय की खोलीत बसून आठवून लिहिलंय, दोन्हींची किंमत वेगळी आहे.

लोक काय म्हणतात हे मी मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे गावाची जमीन म्हणजे काळी आणि पांढरी, काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, हे सगळं साचून माती पांढरट होते, म्हणून गावकरी ज्या रानाला "पांढरी" किंवा "पांढरीचं रान" म्हणतात तिथे बऱ्याचदा जुनी वस्ती असते. लोक ती माती धाब्याच्या घरांवर टाकायला न्यायचे, शेतात खत म्हणून टाकायचे. म्हणजे टेकडी का खचलीय, वरचे थर कुठे गेले, याचं उत्तर एखाद्या आजोबांच्या एका वाक्यात असतं आणि ते वाक्य नेमकं डायरीत नसतं, कारण ते चहा पिताना सांगितलेलं असतं. ते आता लिहा. त्यांच्या शब्दांत लिहा, आपल्या भाषेत "सुधारून" नको.

इतका आग्रह का, तर दायमाबादच्या जुन्या वस्तीचं बघा. १९७४ ला प्रवरेकाठी झाडाची मुळं खणताना ब्राँझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली, चारही मिळून ६० किलोहून जास्त वजन, अख्ख्या दख्खनमध्ये तसं दुसरं काही नाही. पण ते आर्किऑलॉजिस्टच्या ट्रेंचमध्ये थर बघत बघत निघालेलं नव्हतं, म्हणून मग त्यांचा काळ कुठला यावर अभ्यासकांचं वाजत राहिलं. इतकी देखणी वस्तू, आणि ती कुठल्या थरात होती हे कोणी लिहून ठेवायच्या आतच ती बाहेर आली. आपलं खापर तर साधं असतं, त्याला जागेच्या नोंदीशिवाय काय किंमत.

तुम्ही खोदकामावर होतात, ट्रायल ट्रेंचवर (चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यावर), तर सेक्शन ड्रॉइंगला हेच लागू. पेन्सिलचं ड्रॉइंग ग्राफ पेपरवर असतं, ते आधी स्कॅन करा, मगच शाई. थरांचे नंबर, मुनसेलचा रंग (मातीचा रंग जुळवायच्या चार्टवरचा), कुठे खड्डा कापलाय, हे सगळं फोटोशी जुळतंय का बघा. नाही जुळलं तर मनाने सरळ करू नका, बाजूला लिहा की इथे ड्रॉइंग आणि फोटो जुळत नाही. ट्रेंच तर बुजवली, आता परत बघता येणार नाही.

जीपीएसचा घोळ

यावर मी थोडक्यातच सांगते कारण हे एका दिवसाचं काम आहे, पण चुकलं तर नकाशे सगळे चुकतात. सगळे पॉइंट उतरवून एका शीटमध्ये घ्या, गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहा, नुसतं "पिंपळगाव" लिहिलंत तर मेलात, एकाच जिल्ह्यात चार सापडतील. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्र यूटीएमच्या (नकाशासाठी जगाचे झोन पाडायची पद्धत) ४३ व्या झोनमध्ये येतो, ७८ रेखांशाच्या पूर्वेला म्हणजे नागपूरकडे ४४ वा, विदर्भात काम केलेल्यांनी हे तपासा. जुनी टोपोशीट (सर्वेक्षणाचे नकाशे) एव्हरेस्ट डेटमवर आहेत (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो पाया) आणि आपला जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर, त्यामुळे जुनी शीट क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) नुसती टाकून पॉइंट लावले तर टेकडी नदीत गेलेली दिसते. साईट सरकलेली नाही, डेटम बदलून घ्या.

कॉपी तीन. लॅपटॉपवर एक, हार्ड डिस्कवर एक, ड्राइव्हवर एक, आणि हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवायची नाही. फोटो इन्स्टाला टाकायचे असतील तर लोकेशन काढून टाका, आणि मागे ओळखू येणारं देऊळ, पाटी, पूल नको. नाणी शोधणारे मशीन घेऊन फिरणारे लोक असतात, आपण त्यांना पत्ता द्यायचा नाही. म्हणूनच मी इथे आमच्या गावांची नावं लिहिलेली नाहीत.

खापरं धुणं, लिहिणं, मोजणं

मला हे काम खरंच आवडतं. बाहेर पाऊस, व्हरांड्यात चार जण, चार घमेली, जुने टूथब्रश. पण शिस्त पाहिजे. एका वेळी एका माणसासमोर एकच पिशवी, दुसरी उघडायचीच नाही, आणि लेबल त्या खापरांबरोबर घमेल्यातून जाळीवर, जाळीवरून ट्रेमध्ये असं सतत फिरलं पाहिजे. गप्पा मारता मारता दोन पिशव्यांचा माल एका जाळीवर आला की संपलं. ब्रश मऊ, आणि आधी एक कोपरा ओला करून बघायचा, रंग किंवा वरचा लेप सुटायला लागला तर थांबायचं. तुटलेल्या कडा हलक्या हाताने घासायच्या, जोडणी नंतर त्याच कडांवर होणार असते. चुनखडीचा पांढरा थर बसलेला असला तरी ॲसिड स्वतःच्या मनाने लावू नका, ते लॅबमधल्या माणसांना विचारून.

वाळवणं पावसाळ्यात वेळखाऊ आहे. उन्हाळ्यात एका दुपारी होतं त्याला जूनमध्ये दोन-तीन दिवस लागतात, पंखा लावा, खापरं एकमेकांवर रचू नका. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पिशवीत भरायची नाहीत, आणि परत भरताना शक्यतो कापडी पिशवी किंवा प्लास्टिकला भोकं.

मग मार्किंग. आतल्या बाजूला, कडेजवळ, रंगकामावर नाही आणि तुटलेल्या कडेवर तर नाहीच. आधी पारदर्शक लेपाचा एक छोटा पट्टा (आमच्याकडे ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड वापरतात), तो वाळला की त्यावर ड्रॉइंगच्या शाईने बारीक अक्षरात साईटचा कोड, वर्ष, ट्रेंच किंवा कलेक्शन युनिट (जमिनीच्या ज्या भागातून खापर वेचलं तो), थर, आणि वरून परत एक लेप. काळ्या खापरावर पांढऱ्या शाईने. कंटाळवाणं आहे, शंभर खापरं झाली की मान धरते, पण टेबलावर पाच साईट्सची खापरं शेजारी शेजारी पसरून तुलना करायची हिंमत मार्किंग झाल्यावरच होते.

मोजायच्या आधी काहीही टाकून द्यायचं नाही. सगळ्यांचा कल असतो की रिम (तोंडाची कड), बेस (बूड), तोट्या, रंगीत तुकडे ठेवायचे आणि साधे बॉडीचे तुकडे बाजूला. पण एखाद्या वस्तीत साध्या जाड भांड्यांचं प्रमाण किती हेही तुम्हाला सांगायचं असतं ना. म्हणून नग आणि वजन दोन्ही मोजा, कारण नांगराखाली आलेलं खापर बारीक होतं, नुसते नग मोजले तर नांगरलेली साईट उगाच श्रीमंत दिसते. रिमचा व्यास चार्टवर धरून मोजा, आणि किती टक्के कड उरलीय तेही लिहा.

ओळखायची घाई नको. जोर्वे (ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातली भांडी) म्हटलं की लाल भांड्यावर काळी नक्षी, कंगोरा असलेला वाडगा, तोटीचं भांडं, टिचकी मारली की खणखणीत आवाज, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, आणि मग प्रत्येक लाल तुकडा आपल्याला जोर्वे वाटायला लागतो. त्यात सातवाहन काळातलं लाल चकचकीत खापर असतं, मध्ययुगीन असतं, आणि गेल्या वर्षी फुटलेला माठ पण असतो. मी काय करते तर तीन ढीग: नक्की माहीत आहे, वाटतंय, माहीत नाही. पहिल्या आठवड्यात तिसरा ढीग सगळ्यात मोठा असला पाहिजे. मग डिपार्टमेंटच्या रेफरन्स कलेक्शनमधलं खरं खापर हातात घेऊन ताडून बघायचं, फोटोवरून नाही, वजन आणि पोत फोटोत येत नाही. जवळच्या कुंभारवाड्यात एकदा चार तुकडे घेऊन जा (परवानगीने, नोंद करून), चाकावरचं की हाताने थापलेलं, भट्टी कशी लागली असेल, हे तिथल्या काकांना जितकं चटकन दिसतं तितकं आपल्याला दिसत नाही.

गाईडकडे कधी जायचं

रिकाम्या हाताने नको आणि सगळं संपवून पण नको. दहा-बारा दिवसांनी, पिशव्यांची यादी, साईट्सचं शीट, एक कच्चा नकाशा आणि तुम्हाला पडलेले तीन प्रश्न घेऊन जा. सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं एक आणि फिल्डवर दिसलं दुसरंच, असं झालं असेल तर ते लपवू नका. तुम्ही ताम्रपाषाण वस्त्या शोधायला गेलात आणि निम्म्या जागी फक्त मध्ययुगीन खापर मिळालं, तर ती पण माहिती आहे, नकाशावर रिकामी जागा खरी असली तर ती दाखवायचीच. विषय थोडा वळवायचा असेल तर जूनमध्येच वळवा, जानेवारीत नाही.

जाण्याआधी एक तपासणी मात्र करून जा. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं "इंडियन आर्किऑलॉजी - अ रिव्ह्यू" १९५३-५४ पासून निघतंय, त्यात आपल्या तालुक्यातली गावं शोधा. तुम्हाला नवी वाटलेली टेकडी साठ वर्षांपूर्वी कोणीतरी दोन ओळींत नोंदवलेली असू शकते. वाईट वाटून घेऊ नका, उलट तेव्हाचं वर्णन आणि आत्ताची अवस्था शेजारी मांडता येते, टेकडी किती गेली ते कळतं.

आणि कोणी घरी विचारलं की खोदून आलात आता काय उरलंय, तर त्यांना इनामगावचं सांगा. घोड नदीकाठच्या त्या साईटवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम केलं आणि सविस्तर रिपोर्ट आला १९८८ मध्ये. जव हे तिथलं मुख्य पीक होतं हे आपल्याला जळक्या दाण्यांवरून माहीत आहे, आणि ते दाणे कोणीतरी महिनोन्‌महिने मायक्रोस्कोपखाली निवडले तेव्हा. ट्रेंचमध्ये उभं राहून जव दिसत नाही.

लेक्चर सुरू झाल्यावर

आठवड्यातले दोन अर्धे दिवस खापरांना द्या आणि ते दिवस बदलू नका. रोज थोडं थोडं करू म्हटलं की होत नाही, माल मांडायला आणि आवरायलाच तास जातो. नेट परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी वाचन आणि खापर जोडून टाका, म्हणजे एखाद्या साईटचा रिपोर्ट वाचताना त्यातलं पॉटरीचं प्रकरण टेबलावर खापरं मांडून वाचायचं, ड्रॉइंग समोर, तुकडा हातात. एरवी तीनदा वाचून डोक्यात न शिरणारं तेव्हा एका बैठकीत शिरतं.

शरीराकडे बघा. दोन महिने उन्हात, धुळीत, हापशाचं पाणी पिऊन आलात, ताप किंवा खोकला आठवडाभर राहिला तर डॉक्टरकडे जा आणि कुठे राहून आलात ते सांगा. आणि खोलीत परत आल्यावर सुनं सुनं वाटतं, पहाटे पाचला जाग येते आणि कुठे जायचं नसतं, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना होतं. खापर धुवायला एकटं बसू नका, तेवढ्याने बराच फरक पडतो.

गावाला फोन करा. ज्यांनी टेकडी दाखवली, ज्यांच्या रानातून फिरलात, ज्या काकूंनी दुपारची भाकरी दिली, ज्यांनी घमेली उचलली, त्यांचे काढलेले फोटो प्रिंट करून पाठवा, नुसते व्हॉट्सॲपवर नको, आजींकडे फोन नसतो. सरपंचांना मराठीत एक पान लिहून द्या, काय पाहिलं, काय वाटतं, आणि पांढरी सपाट करायच्या आधी आम्हाला कळवा एवढी विनंती. इंग्रजी पेपर आपण छापतो आणि ज्यांचं गाव आहे त्यांना त्यातलं काहीच कळत नाही, हे मला पटत नाही.

आणि शेवटचं काम, शीटमध्ये एक रकाना वाढवा: परत कुठे जायचंय. जिथे फोटोत स्केल ठेवायचं राहिलं, जिथे ऊस उभा होता म्हणून निम्मी टेकडी दिसलीच नाही, जिथे मालक गावाला गेले होते. प्रत्येकासमोर शेतमालकाचं नाव आणि ऊस कधी तुटणार ते लिहा. कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्याच्या आठ दिवस आधी फोन लावा, तोड झाली की नांगर लागायच्या आत मधे थोडेच दिवस मिळतात.